मांत्रिकाचा दंड: टेकायचा की उगारायचा?

मुशाफिर (धागाकर्ता)

टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा खंड (१९५४) नुकताच पुन्हा वाचला आणि या वेळी दारावरच्या एका छोट्याशा प्रसंगापाशी अडलो. मांत्रिक गॅन्डाल्फ आणि त्याचे सोबती रोहनच्या राजाच्या महालापाशी पोचतात, तेव्हा दारावरचा अधिकारी हामा त्यांना शस्त्रे बाहेर ठेवायला सांगतो. अ‍ॅरागॉर्नला आपली तलवार ठेवणे फार जड जाते आणि त्यावरून बरीच बोलाचाली होते. गॅन्डाल्फ मात्र स्वतःची तलवार फारशी खळखळ न करता देऊन टाकतो. मग हामाची नजर त्याच्या काठीवर जाते. तीही दारातच ठेवावी लागेल, असे तो म्हणताच इतका वेळ शांत असलेला गॅन्डाल्फ चिडतो. मी म्हातारा आहे. काठी टेकत चालायची मला मुभा नसेल तर मी इथेच बसून राहतो, राजानेच लंगडत बाहेर येऊन माझ्याशी बोलावे, अशा अर्थाचे तो सुनावतो. हामा काठीकडे निरखून बघतो. मांत्रिकाच्या हातातली काठी ही म्हातारपणाच्या आधारापेक्षा जास्त काही असू शकते, हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि तरीही स्वतःच्या पारखीवर विसंबून तो तिला आत जाऊ देतो.

पुढे दालनात तीच काठी वर उचलली जाते, ढगांचा गडगडाट होतो, खिडक्यांतले ऊन विझते आणि सगळे दालन अंधारते. राजाच्या कानाला लागलेला सल्लागार ओरडतो की या काठीला मज्जाव करा असे मी सांगितले होते. म्हणजे दारावरची शंका खरीच होती. पण म्हणून गॅन्डाल्फ दारात खोटे बोलला होता असे मला वाटत नाही. तो म्हातारा आहेच, दमलेला आहेच, मैलोन्‌मैल चालताना ती काठी त्याने खरोखरच टेकलेली आहे. एकाच लाकडाविषयीची ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि फॅन्टसीतल्या दंडाचा सगळा अर्थ मला या जोडखरेपणात दिसतो.

त्याच दालनात आणखी एक काठी आहे, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. राजा थेओडेन वाकलेला आहे आणि पांढऱ्या हाडाची मूठ असलेल्या आखूड काळ्या काठीवर भार टाकून उभा आहे. गॅन्डाल्फ त्याला ती टाकायला सांगतो, ती खणखणत दगडी फरशीवर पडते, राजा हळूहळू ताठ होतो आणि नंतर त्याच्या हातात तलवार येते. एका काठीने दुसरी काठी सुटते. जी आधार म्हणून आत आली ती सामर्थ्य ठरली, आणि राजाच्या हातातली, जी सत्तेची खूण दिसायला हवी होती, ती निव्वळ परावलंबन ठरली.

शब्दांविषयी थोडे. मराठीत 'जादूची कांडी' रूढ आहे, पण कांडी ही वीतभर, बाहीत लपणारी वस्तू. ती टेकता येत नाही. म्हणून मी येथे पुरुषभर उंचीच्या वस्तूसाठी 'दंड' किंवा सरळ 'काठी' म्हणतो आहे. 'जादूगार' म्हटले की रंगमंचावरचे प्रयोग डोळ्यांसमोर येतात, म्हणून 'मांत्रिक' हा शब्द वापरतो. त्यालाही नको ते अर्थ चिकटलेले आहेत, ते बाजूला ठेवून वाचावे.

ग्रीक कथेतल्या स्फिंक्सच्या कोड्यात माणूस संध्याकाळी तीन पायांवर चालतो, आणि तिसरा पाय म्हणजे काठी. आपणही मुलाला 'म्हातारपणाची काठी' म्हणतो. तलवार टेकून कुणी चालत नाही, मुकुट टेकता येत नाही, अंगठीचा आधार घेता येत नाही. सत्तेच्या सगळ्या चिन्हांमध्ये दंड हे एकच चिन्ह असे आहे की जे धारण करणाऱ्याचा अशक्तपणाही उघड करते. मांत्रिकाला हेच चिन्ह का मिळाले असावे? आपणां सर्वांची मते वाचायला आवडतील.

शब्दवेध

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याशी मी अर्धाच सहमत आहे. आपण काठीपासून सुरुवात केली आहे. मी राजदंडापासून करेन, कारण माझ्या मते मांत्रिकाचा दंड ही मुळात अधिकारपदाची वस्तू आहे आणि तिचे काठीपण हा नंतरचा, जरी सुंदर, मुलामा आहे.

'इलियड' या ग्रीक महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात अकिलीस सभेत बोलायला उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातात दंड असतो. ज्याच्या हाती दंड, त्याला बोलण्याचा हक्क, असा त्या सभेचा संकेत आहे. तो त्या दंडाची शपथ घेतो आणि ती घेताना सांगतो की डोंगरावर झाडापासून तोडल्यानंतर याला आता पुन्हा कधी पाने फुटणार नाहीत. मग तो दंड जमिनीवर फेकून खाली बसतो. दुसऱ्या सर्गात ओडिसियस त्याच राजसत्तेच्या दंडाने थर्सिटीझला पाठीवर मारतो. बोलण्याचा हक्क देणारी आणि बोलणाऱ्याला गप्प करणारी वस्तू एकच आहे. यात कुणीही म्हातारा नाही, कुणाला आधार नको आहे.

टॉल्किनकडेच परत यायचे तर ऑर्थँक या मनोऱ्याच्या पायथ्याशी घडणारा प्रसंग बघावा. गॅन्डाल्फ शत्रूला मिळालेल्या आणि आता पराभूत झालेल्या सारुमान या मांत्रिकाकडे मनोऱ्याची किल्ली आणि त्याचा दंड मागतो. चांगल्या वर्तणुकीचे तारण म्हणून त्या वस्तू ठेवून घेतल्या जातील आणि पात्रता दिसली तर परत मिळतील, अशी त्याची अट असते. किल्ली आणि दंड ही जोडी लक्षात घेण्याजोगी आहे, कारण एखाद्याला पदावरून दूर करताना याच प्रकारच्या वस्तू परत घेतल्या जातात. सारुमान उलट टोमणा मारतो, त्यातही सात राजांचे मुकुट आणि पाच मांत्रिकांचे दंड एकाच दमात येतात. शेवटी गॅन्डाल्फ फक्त हात वर करतो आणि 'तुझा दंड मोडला आहे' असे सांगतो. सारुमानच्या हातातच त्याचे दोन तुकडे होतात आणि वरचा भाग गॅन्डाल्फच्या पायाशी येऊन पडतो. तेथे बळाची झटापट नाही. एका निर्णयाची अंमलबजावणी आहे.

ही प्रथा कल्पनेतली नाही. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या अंत्यविधीत, १९ सप्टेंबर २०२२ रोजी, विंडसर येथील चॅपेलमध्ये राजपरिवाराच्या लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याने आपल्या पदाची बारीक पांढरी काठी मोडली आणि ती शवपेटीवर ठेवली गेली. जिच्या सेवेसाठी ते पद होते ती व्यक्ती गेली, म्हणून सेवाही संपली. ज्यांनी तो क्षण पडद्यावर पाहिला त्यांना ऑर्थँकचा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.

याच कारणासाठी 'रिटर्न ऑफ द किंग' या २००३च्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीतला एक बदल मला आजही खुपतो. त्यात शत्रूचा सेनापती विच-किंग गॅन्डाल्फचा दंड फोडतो. कादंबरीत असे काही नाही. तेथे दोघे महाद्वारात समोरासमोर उभे ठाकतात आणि तेवढ्यात दुरून रोहनची रणशिंगे ऐकू येतात. बलवान शत्रू गॅन्डाल्फला जखमी करू शकेल, कदाचित मारूही शकेल, पण त्याचा दंड मोडण्याचा हक्क त्याला कुठून येणार? ज्याने तो दिला त्याच्या बाजूने बोलणाऱ्यालाच तो हक्क असतो. चित्रपटाने दंडाला शस्त्र समजले आणि एका शस्त्राने दुसरे तोडले.

पानगळ

शब्दवेध यांच्या मुद्द्याला आपल्याच भाषेतून पुस्ती जोडतो. 'दंड' म्हणजे काठी, 'दंड' म्हणजे शिक्षा, आणि खांद्यापासून कोपरापर्यंतच्या हातालाही आपण 'दंड'च म्हणतो. वस्तू, ती वापरणारा अवयव आणि त्या वापराचा परिणाम या तिन्हींना एकच शब्द पुरतो. मांत्रिकाचा दंड हा त्याच्या हाताचाच वाढलेला भाग आहे, असे परदेशी समीक्षक विस्ताराने समजावून सांगतात, तेव्हा मला वाटते की हे तर आपण बोलताबोलता म्हणत आलो आहोत.

आणि मांत्रिकांच्या दंडाची चर्चा वसिष्ठांशिवाय पुरी व्हायची नाही. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात राजा विश्वामित्र त्यांची गाय बळाने न्यायला बघतो आणि पुढे अस्त्रांमागून अस्त्रे सोडतो. वसिष्ठ आश्रमाच्या दारात ब्रह्मदंड घेऊन उभे राहतात. ते एकही अस्त्र उलट टाकत नाहीत. येणारे प्रत्येक अस्त्र तो दंड गिळून टाकतो, शेवटी ब्रह्मास्त्रसुद्धा. हरलेला विश्वामित्र म्हणतो, 'धिग्बलं क्षत्रियबलं ब्रह्मतेजोबलं बलम्। एकेन ब्रह्मदण्डेन सर्वास्त्राणि हतानि मे॥' आणि तप करायला निघून जातो. या प्रसंगात दंड टेकलेलाही नाही आणि उगारलेलाही नाही, तो नुसता धरलेला आहे. धाग्याच्या शीर्षकात ही तिसरी शक्यता राहून गेली आहे असे नम्रपणे सुचवतो.

अवांतर: 'काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही' अशी आपली म्हण आहे, आणि बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकात मोशे काठी उचलून समुद्रावर हात पसरतो तेव्हा नेमके पाणीच दुभंगते. जे होत नाही म्हणून म्हण तयार झाली, तेच करून दाखवणे म्हणजे चमत्कार.

मुशाफिर (धागाकर्ता)

पानगळ, 'नुसता धरलेला' हे मान्य, आणि शीर्षक अपुरे आहे हेही मान्य. वसिष्ठांचे उदाहरण वाचल्यावर मोरियातला पूल वेगळा दिसू लागला. तेथे गॅन्डाल्फ बॅलरॉग या अग्निराक्षसावर दंड चालवत नाही. बॅलरॉगच्या तलवारीला तो तलवारीने उत्तर देतो, आणि मग दंड उचलून हाणतो तो पुलावर, स्वतःच्या पायांपुढच्या दगडावर. दंड मोडून हातातून गळून पडतो, पांढऱ्या ज्वाळेचा पडदा उठतो आणि पूल तुटतो. शत्रूला मारण्यापेक्षा वाट बंद करणे हे त्याचे काम आहे.

शब्दवेध, आपल्या विवेचनातला अधिकाराचा धागा मला पटतो, पण काठीपण हा मुलामा आहे हे पटत नाही. 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये (१९८०) या पाच मांत्रिकांविषयी जे टिपण छापले आहे, त्यानुसार त्यांना मुद्दामच म्हाताऱ्या माणसांच्या देहात पाठवलेले होते. भूक, थकवा, भीती हे सगळे त्यांना भोगावे लागणार होते, आणि आपले तेज उघडपणे दाखवून लोकांवर राज्य करण्याची त्यांना मनाई होती. म्हणजे म्हातारपण हीच त्यांच्या नेमणुकीची अट होती. त्यांच्याबाबत अधिकारपत्र आणि आधाराची काठी या दोन वस्तू वेगळ्या करताच येत नाहीत.

सायंतारा

आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत दंड पुरुषाच्याच हातात आहे, आणि हे कुणाला जाणवलेलेही दिसत नाही. मला ते जाणवल्यावाचून राहत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये (१९६८) रोक बेटावर मांत्रिकांची शाळा आहे. शिक्षण पुरे झाले की दंड मिळतो. ज्याच्याकडे दंड तो पदवीधर मांत्रिक. त्या शाळेत मुलींना प्रवेशच नाही. गावोगावच्या बायका मंत्र जाणतात, वारा बांधतात, जनावरे बरी करतात, पण त्यांच्या विद्येला त्या जगात हलके समजतात आणि त्यांच्या हातात दंड कधी येत नाही. आज आपण जिला 'पदवी' म्हणू तिचे काम तेथे एक लाकूड करते. लेखिकेने पुढे 'तेहानू'मध्ये (१९९०) हाच प्रश्न एका मध्यमवयीन विधवेच्या डोळ्यांनी उघड केला, हा त्यांचा मोठेपणा.

टेरी प्रॅचेट यांच्या 'ईक्वल राइट्स'ची (१९८७) सुरुवातच या गृहीतकावर बेतलेली आहे. मरायला टेकलेला एक मांत्रिक आठव्या मुलाच्या आठव्या मुलाला आपला दंड द्यायला येतो, नवजात बाळाचा हात त्या दंडावर ठेवला जातो, मांत्रिक मरतो, आणि मग कळते की ती मुलगी आहे. दंड आता परत घेता येत नाही. माणसे वर्षानुवर्षे ज्या नियमावर भांडत बसतात तो नियम लाकडाला ठाऊकच नव्हता.

खरे तर इतिहासात उलटा पुरावा आहे. प्राचीन नॉर्स समाजात भविष्य सांगणाऱ्या स्त्रीला 'व्हॉल्वा' म्हणत, आणि त्या शब्दाचा संबंध 'काठी' या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो: काठीवाली. एरिक द रेडच्या सागामध्ये (जुन्या नॉर्स गद्यकथेत) अशी एक स्त्री दुष्काळाच्या दिवसांत वस्तीवर येते, तेव्हा तिच्या हातातल्या काठीचे बारकाईने वर्णन आहे. तिला पितळ मढवलेली मूठ असून मुठीभोवती खडे बसवलेले आहेत. स्कँडिनेव्हियात व्हायकिंग काळातल्या स्त्रियांच्या काही कबरींत लोखंडी दंड सापडले आहेत. सूत कातताना लोकर ज्या दांडीला गुंडाळून ठेवतात तिच्याशी त्यांचा आकार मिळताजुळता आहे, आणि म्हणून काही संशोधक त्यांना अशा स्त्रियांचे दंड मानतात. घरातल्या कामाची दांडी आणि भविष्याची सूत्रे हातात धरणारी दांडी एकाच आकाराची असावी, हा विचारच मला थरारून सोडतो. मग फॅन्टसीतला दाढीवाला म्हातारा आला आणि ही बाई चित्रातून बाहेर गेली.

पण माझ्या मनातला सर्वांत आवडता दंड डायाना विन जोन्स यांच्या 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'मध्ये (१९८६) आहे. टोप्यांच्या दुकानात काम करणारी तरुण सोफी शापाने एका क्षणात म्हातारी होते, घर सोडते आणि वाटेत कुंपणात सापडलेली एक साधी काठी टेकत चालू लागते. तिला वस्तूंशी बोलायची सवय आहे. ती टोप्यांशी बोलायची, तशी या काठीशी बोलते, तिच्यावर रागावते, तिला चुचकारते. पुढे एक वृद्ध जाणती स्त्री तिच्याकडे बघून सांगते की तू या काठीत जीव ओतला आहेस, सामान्य लोक जिला जादूची कांडी म्हणतील तशी ही झाली आहे. सोफीला पत्ताच नसतो. तिला शाळेने दंड दिलेला नाही, राजाने दिलेला नाही, मरणाऱ्या गुरूने दिलेला नाही. गुडघे दुखतात म्हणून उचललेली काठी रोजच्या बोलण्याने दंड झाली. मुशाफिर यांचे म्हणणे खरे असेल, तर गॅन्डाल्फपेक्षाही चांगला पुरावा त्यांना येथे मिळेल.

फासेकरी

खेळांच्या बाजूने थोडे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकून, पात्रांच्या भूमिका करत खेळायचा खेळ १९७४ साली आला आणि आजच्या वाचकांच्या मनातला दंड बराचसा त्याने घडवला आहे. सुरुवातीच्या नियमांत मांत्रिकाला तलवार वापरता येत नसे. सुरा आणि काठी अशी मोजकीच साधने त्याच्या वाट्याला येत. जादूच्या दंडात ठरावीक मात्रेचे सामर्थ्य भरलेले असते आणि प्रत्येक वापरागणिक ते खर्ची पडते. यामुळे दंड एखाद्या साठवणीच्या भांड्यासारखा झाला, आणि त्याच्या अर्थाची जागा हिशेबाने घेतली, ही तक्रार मला मान्य आहे.

तरी त्या हिशेबातही एक नियम असा आहे की ज्यात जुना अर्थ जिवंत राहिला. सर्वांत सामर्थ्यवान दंड मांत्रिक स्वतःच्या हाताने मोडू शकतो. मोडला की आत उरलेले सगळे सामर्थ्य एकदम बाहेर फुटते आणि मोडणारा स्वतः बहुधा वाचत नाही. आमच्या गटात अनेक वर्षांच्या खेळात हे एकदाच घडले. शत्रूच्या दालनाचे दार बाहेरून बंद झाले होते, मांत्रिकाची भूमिका करणाऱ्या मित्राने काही न बोलता समोरची पेन्सिल दोन्ही हातांत धरली आणि मोडली. कुणीही फासे उचलले नाहीत, बराच वेळ कुणी बोललेही नाही.

याच खेळातून निघालेल्या 'ड्रॅगनलान्स' कादंबऱ्यांतला (पहिली १९८४ची) तरुण मांत्रिक रेस्टलिनही आठवतो. मांत्रिकांच्या परीक्षेत त्याचे शरीर कायमचे मोडते आणि त्याच वेळी त्याला मेगियसचा दंड मिळतो: सोनेरी ड्रॅगनच्या पंजात धरलेला स्फटिक, 'शिराक' म्हटले की उजळणारा. खोकल्याने वाकलेला तो तरुण त्याच दंडावर भार टाकून चालतो. जे हिरावले गेले आणि जे मिळाले ते दोन्ही त्याच्या मुठीत आहे.

निशिगंध

मी फारशी फॅन्टसी वाचत नाही, तरी हा धागा वाचून लिहावेसे वाटले, कारण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर चार महिने मी काठी वापरली आहे.

पहिले काही दिवस ती फक्त दुखण्याची आठवण होती. मग हळूहळू काही गोष्टी लक्षात आल्या. काठीचा आवाज माझ्याआधी खोलीत पोचत असे आणि बोलणारी माणसे थांबून दाराकडे बघत. गर्दीत वाट मिळे. बसल्या जागेवरून मी काठीने पडदा सारत असे, कपाटाचे दार ढकलत असे, फटीत गेलेली चप्पल ओढत असे. माझा हात तीन फुटांनी वाढला होता. पानगळ यांनी दंड या शब्दाचे जे तीन अर्थ दिले त्यांतले दोन मी अंगाने अनुभवले आहेत. तिसऱ्याची वेळ आली नाही.

मुठीखालचा रंग महिन्याभरात उडाला आणि लाकूड तेथे गुळगुळीत झाले. दुसऱ्या कुणी ती हातात घेतली की मला चमत्कारिक वाटे, अगदी कुणी माझा चष्मा लावून बघावा तसे. डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितली त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता. मी ती दाराआड ठेवली आणि खोलीच्या मध्यापर्यंत गेल्यावर उभीच राहिले, कारण आपले वजन आता नेमके कुठे ठेवायचे हे मला आठवेना. थेओडेनच्या काठीविषयी वाचताना ती फरशी पायांखाली आली.

पानगळ

निशिगंध, आपल्या अनुभवाने चर्चेला वजन आले. लाकूड हातागणिक बदलते हे आपण लिहिलेत, त्यावरून मला लाकडाविषयीच काही म्हणायचे आहे.

अकिलीसचा दंड मेलेल्या लाकडाचा आहे आणि त्याची शपथ त्या मेलेपणावरच उभी आहे: पाने फुटणार नाहीत, तसा माझा शब्दही फिरणार नाही. बायबलमधल्या 'गणना' या पुस्तकात नेमके उलटे घडते. बारा वंशांच्या बारा काठ्या रात्रभर मंडपात ठेवल्या जातात आणि सकाळी अहरोनच्या काठीला अंकुर, फुले आणि बदाम आलेले असतात; त्यावरून याजकपद कुणाचे ते ठरते. एक अधिकार आपण तुटलो आहोत असे सांगून पटवतो आणि दुसरा आपण अजून जिवंत आहोत असे दाखवून. फॅन्टसीतले लेखक या दोनांपैकी एक वाट घेतात, बहुधा नकळत. दंडाच्या टोकाला धातू, स्फटिक, पंजा असेल तर तेथे सत्ता निसर्गापासून तुटलेली असते. दंडावर साल, गाठी, मुळांचा पीळ शिल्लक असेल तर तो मांत्रिक अजून रानाशी नाते राखून असतो. हा काही नियम नाही, पण वाचताना मी आधी टोक बघतो.

आणखी एक सावलीची बाजू. प्रॅचेट यांच्याच 'सोर्सरी'मध्ये (१९८८) मरणारा बाप मृत्यूला चुकवून आपल्या दंडात शिरतो आणि तो दंड लहानग्या मुलाच्या हातात राहतो. मुलगा जे करतो ते बाप त्याच्याकडून करवून घेत असतो. मुलाने दंड टाकला तरच त्याची सुटका, अशी एकच फट भविष्यवाणीत ठेवलेली असते. मुलगा ही बापाच्या म्हातारपणाची काठी असते, असे मुशाफिर यांनी सुरुवातीला लिहिले. या कथेत बापच मुलाच्या हातातली काठी होऊन बसतो, आणि मुलाला ती खाली ठेवता येत नाही.

मुशाफिर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. सायंतारा, आपला आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. सोफीची काठी माझ्या नजरेतून सुटायला नको होती, आणि आता ती माझ्या मते या चर्चेतले सर्वांत नेमके उदाहरण आहे.

पानगळ यांच्या शेवटच्या वाक्याने मला जे म्हणायचे होते ते सापडले. मी टेकणे आणि उगारणे या दोन क्रियांतच अडकून होतो. धरणे त्यांनी सुचवले, मोडणे शब्दवेध आणि फासेकरी यांच्याकडून आले, आणि निशिगंध यांनी दाराआड ठेवले. खाली ठेवणे हीच माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड क्रिया आहे, आणि ज्या मांत्रिकाला ती जमत नाही त्याचा दंड कुणीतरी मोडतो. सारुमानला पर्याय दिलेला होता. दंड दे, मोकळा जा. त्याने तो दिला नाही.

शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मधला (सुमारे १६११) मांत्रिक प्रॉस्पेरो हे स्वतः करतो. पाचव्या अंकात तो जाहीर करतो की मी माझा दंड मोडीन, जमिनीत खोल पुरीन आणि ग्रंथ पाण्यात बुडवीन. शेवटी एकटाच प्रेक्षकांसमोर येऊन सांगतो की आता जे बळ उरले ते माझे स्वतःचे, आणि ते फार थोडे आहे. मोडण्याची घोषणा मात्र तो अजून मांत्रिकाच्या रुबाबात करतो, म्हणून मला त्याच्यापेक्षा ले ग्विन यांच्या अर्थसी-कादंबऱ्यांचा नायक, मांत्रिक गेड जवळचा वाटतो.

गेडने पहिला दंड गमावल्यावर त्याचा जुना गुरू ओगियन त्याला स्वतःच्या हाताने नवा करून देतो. ते यू झाडाचे लाकूड मुळात एका धनुष्यासाठी राखून ठेवलेले असते, आणि हे असेच बरे, असे ओगियन म्हणतो. 'द फार्दिस्ट शोर'च्या (१९७२) अखेरीस गेड आपली सगळी विद्या खर्चून मृत्यूच्या देशातले उघडे पडलेले दार बंद करतो आणि सेलिडोर बेटाच्या किनाऱ्यावर परत येतो. निघताना त्याचा तरुण सोबती आरेन वाळूत पडलेला दंड उचलायला वाकतो. गेड त्याला थांबवतो. राहू दे, असे म्हणतो. काही फोडाफोड नाही, पुरणे नाही, पुढे कुणाला सोपवणे नाही. लाकूड वाळूत राहते आणि ते दोघे निघून जातात.

'तेहानू'मध्ये तो घरी येतो तेव्हा त्याला चेहरा लपवावासा वाटतो, आणि तो डोंगरावर शेळ्या राखायला जातो, जे काम लहानपणी करत असे. हिवाळ्यात खाली येतो तेव्हा रात्री घरात शिरणाऱ्या गुंडांशी त्याची गाठ पडते. त्या वेळी त्याच्या हातात असतो तो गवत उचलायचा काटा. तो त्याने भोसकतो, माणूस जखमी होतो, आणि त्या जखमेतून वाहणारे रक्त थांबवणारा शब्द आता त्याच्याकडे नाही.

सायंतारा, 'तेहानू' आपण माझ्यापेक्षा बारकाईने वाचली आहे असे दिसते. त्या रात्रीविषयी आपण लिहावे.